फुलांचे कोडे

फाल्गुन लागला, की चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील अरण्यांत पळस फुलतो. झाडावर पान उरलेले नसते. केशरी फुलांनी फांद्या झाकून जातात. मैना, शिंजीर आणि खारी सकाळपासून मधासाठी गर्दी करतात. फुले हजारो, पण पळसपापड्या थोड्याच धरतात. फुलांना इतके पाहुणे हवेत तरी कशाला? ज्याने वर्षानुवर्षे हे कोडे उकलण्यासाठी कष्ट केले, त्याने ही अरण्ये कधीही पाहिली नव्हती. तो होता इंग्लंडमधील थोर शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन.

डार्विनचा जन्म १८०९ साली झाला. वैद्यकीत त्याचे मन रमले नाही. त्याला ओढ होती ती किड्यांची व वनस्पतींची. १८३१ साली तो 'बीगल' जहाजातून निघाला आणि पाच वर्षांनी परतला. १८३९ साली मामाची मुलगी एमा हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढे ती दोघे डाऊन या खेड्यात राहू लागली. त्यांना दहा मुले झाली. त्यांपैकी तीन लहानपणीच दगावली. १८५१ साली दहा वर्षांची लाडकी ॲनी गेली, तेव्हा डार्विन फार खचला. जवळच्या नात्यातील विवाहामुळे तर मुले दुबळी निपजत नसतील ना, ही शंका त्याला छळीत राहिली.

घराच्या बागेत तो फुलांचे निरीक्षण करीत असे. घेवडा, वाटाणा, पळस ही सारी शेंगा धरणाऱ्या एकाच कुळातील. त्यांच्या फुलात दोन पाकळ्या जुळून नावेसारखा आकार होतो व त्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर लपलेले असतात. घेवड्याच्या फुलावर मधमाशी बसली, की तिच्या भाराने स्त्रीकेसर बाहेर येतो. दुसऱ्या फुलावरून तिने आणलेले परागकण त्याला लागतात. डार्विनने लाल फुलांच्या घेवड्याचे काही वेल जाळीने झाकले. त्यांना फारच थोड्या बिया धरल्या. मग त्याने क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीची परीक्षा घेतली. उघड्या १०० फुलोऱ्यांत सुमारे २,७०० बिया मिळाल्या. झाकलेल्या १०० फुलोऱ्यांत एकही नाही! वाटाण्याने मात्र निराळेच उत्तर दिले. त्याला जाळीखालीही भरपूर शेंगा आल्या.

एवढ्यावर तो थांबला नाही. स्वतःच्याच परागापासून झालेले आणि दुसऱ्या झाडाच्या परागापासून झालेले बी त्याने एकाच कुंडीत समोरासमोर पेरले व रोपांची उंची मोजली. हे काम ११ वर्षे चालले. दुसऱ्या झाडाचा पराग लाभलेली रोपे बहुधा अधिक उंच व जोमदार निघाली. १८७६ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्याने हे निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. १८७१ च्या शिरगणतीत नात्यातील विवाहांची नोंद व्हावी, अशीही खटपट त्याने केली होती. पण पार्लमेंटने ती मानली नाही. फुलांनी त्याला उत्तर दिले. घरच्या शंकेचे पक्के उत्तर मात्र त्याला मिळाले नाही. १८८२ साली तो निवर्तला.

पळसाचे फूल पोपटाच्या चोचीसारखे बाकदार असते, म्हणून त्याला किंशुक म्हणतात. मधासाठी शिंजीर त्यात चोच घालतो, तेव्हा परागकण त्याच्या अंगाला चिकटतात आणि त्याच्याबरोबर दुसऱ्या झाडावर जातात. पळसाचा मध हे दान नव्हे. ती त्या चिमुकल्या वाहकाची मजुरी आहे.