फॉर्म्युल्यामागचा पिअर्सन

कार्ल पिअर्सन हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात एकदाच लिहिलेलं असतं. मॅथ्स-थ्रीच्या पेपरात, आर बरोबर अमुक भागिले तमुक असं. मीही तसंच लिहिलं, मार्क मिळाले आणि विसरून गेलो. पुढे सेमिनारसाठी दगडी धरणं हा विषय घेतला, तेव्हा १९०४ सालच्या एका जुन्या निबंधाचा उल्लेख सापडला. लेखक ॲचर्ली आणि पिअर्सन. मला वाटलं, असेल कुणी दुसरा पिअर्सन. पण तो हाच निघाला! मग सेमिनार राहिला बाजूला आणि मी या माणसाच्या मागे लागलो.

जन्म लंडनचा, २७ मार्च १८५७. वडील बॅरिस्टर. केंब्रिजला गणितात १८७९ साली थर्ड रँगलर, म्हणजे अख्ख्या विद्यापीठात तिसरा. पण स्वभाव पहिल्यापासून भांडखोर. किंग्ज कॉलेजात चर्चला जाण्याची आणि धर्मशास्त्राची सक्ती होती, ती त्याला पटेना, तर त्याने कॉलेजशी वाद घातला. तिथून जर्मनीत गेला, हायडेलबर्ग आणि बर्लिनला. तिथे भौतिकशास्त्रापासून तत्त्वज्ञानापर्यंत मिळेल ते वाचलं, आणि नावाच्या स्पेलिंगमधला इंग्रजी सी जाऊन जर्मन के आला तो कायमचाच. परत आल्यावर वडिलांच्या इच्छेसाठी वकिली शिकला, पण केली नाही. उलट रविवारी कामगारांच्या क्लबात जाऊन मार्क्सवर भाषणं द्यायचा.

१८८४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो प्रोफेसर झाला. कशाचा? उपयोजित गणित आणि यंत्रशास्त्राचा! म्हणजे त्याच्या वर्गात बसणारी पोरं आपल्यासारखीच, इंजिनिअरिंगची. त्यांना तो ग्राफिकल स्टॅटिक्स शिकवायचा. टॉडहंटर नावाच्या गणितज्ञाने इलॅस्टिसिटीचा इतिहास लिहायला घेतला होता, तो वारल्यामुळे काम अर्धवट पडलं होतं. ते पिअर्सनने पूर्ण केलं. पहिला खंड १८८६ ला आणि दुसरा १८९३ ला निघाला. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सला शिव्या घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की आपल्याला एक पुस्तक जड होतं, आणि हा गडी त्या सगळ्या विषयाचा इतिहास लिहीत होता.

मग संख्याशास्त्रात आला कसा? खेकड्यांमुळे. खरंच!

कॉलेजात १८९१ च्या सुमारास वेल्डन नावाचा प्राणिशास्त्राचा प्रोफेसर आला. डार्विनचा सिद्धांत मोजमाप करून तपासायचा, हा त्याचा ध्यास. त्याने नेपल्सच्या समुद्रातले हजार खेकडे मोजले. एकेका खेकड्याची बरीच मापं घेतली. बाकीच्या मापांचे आलेख छान घंटेच्या आकाराचे आले, कपाळाच्या रुंदीचा मात्र एका बाजूला कलला. वेल्डनला शंका आली की यात दोन जाती मिसळल्या असाव्यात. पण सिद्ध कसं करणार? तो पिअर्सनकडे गेला. पिअर्सनने त्या कललेल्या वक्राचे दोन घंटा-वक्र करायचं ठरवलं आणि गणित नवव्या घाताच्या समीकरणापर्यंत पोचलं. कॉम्प्युटर सोडा, धड कॅल्क्युलेटरही नाही, आणि नववा घात! हाताने सोडवलं. १८९४ च्या त्या निबंधात स्टँडर्ड डेव्हिएशन हा शब्द छापून आला. हिस्टोग्राम हा शब्दही त्याचाच.

त्याच काळात तो ग्रेशम कॉलेजात संध्याकाळी सर्वसामान्य लोकांसाठी व्याख्यानं देई. विषय नावाला भूमिती, शिकवायचा संभाव्यता. एकदा म्हणे दहा हजार पेन्या जमिनीवर ओतल्या आणि श्रोत्यांना छापा-काटा मोजायला लावलं. स्वतः नाणं चोवीस हजार वेळा उडवल्याची नोंद तर प्रसिद्धच आहे. त्यात छापा आला १२,०१२ वेळा. आमच्या विंगमध्ये मॅचच्या टॉसवरून भांडणं होतात, त्यांच्यासाठी ही माहिती. माँटे कार्लोच्या जुगारअड्ड्यावरचे रुलेटचे छापील निकाल घेऊन त्याने १८९४ मध्ये दाखवलं, की लाल-काळ्याची एकूण संख्या बरोबर आहे, पण एकापाठोपाठ एक येण्याची पद्धत नशिबाने येणं अशक्य आहे. पुढे असं सांगितलं गेलं की छापणाऱ्यांनीच कंटाळून आकडे मनाने लिहिले असावेत. आपल्या प्रॅक्टिकलच्या रीडिंग्जची आठवण झाली ना?

१८९६ ला सहसंबंधाचा गुणांक, म्हणजे तो आपला आर. कल्पना गाल्टनची, पण नीट सूत्र पिअर्सनने मांडलं. १९०० ला काय-स्क्वेअर चाचणी. १९०१ ला वेल्डन आणि गाल्टनबरोबर बायोमेट्रिका हे नियतकालिक, आणि त्याच वर्षी तो निबंध, ज्यातून आजचं प्रिन्सिपल कम्पोनंट ॲनालिसिस निघालं. चेहरा ओळखणाऱ्या प्रोजेक्टमध्ये एका ओळीच्या कमांडने जे चालतं, ते हेच.

मधेच १९०४ चं माझं धरण. तेव्हाचे इंजिनिअर धरणाचे आडवे छेद घेऊन दाब कुठे पडतो ते बघत. दाबाची रेषा मधल्या एक-तृतीयांशात राहिली की धरण पास! पिअर्सनचं म्हणणं, उभे छेद कोण बघणार? तिथे कर्तन आणि ताण जास्त धोक्याचे असू शकतात. त्यासाठी लाकडी मॉडेलं करून पाहिली. यावर इंजिनिअर मंडळींत बराच गदारोळ झाला. सेमिनारमध्ये मी हे सांगितलं तेव्हा सरांनी पहिल्यांदाच मान वर केली.

आता जरा वेगळं. इथपर्यंत वाचून मला हा माणूस हिरो वाटत होता. ॲलिस ली ही त्याची सहकारी. डोकं मोठं म्हणजे बुद्धी मोठी, म्हणून बायका कमी बुद्धीच्या, असं तेव्हाचे मोठमोठे शास्त्रज्ञ बोलत. लीबाईंनी काय केलं, तर शरीरशास्त्रज्ञांच्या परिषदेत त्यांचीच डोकी मोजली! काही नामवंतांची कवटी चक्क लहान निघाली. तिचे परीक्षक भडकले, डॉक्टरेट अडकायची वेळ आली. पिअर्सन तिच्या बाजूने उभा राहिला. १९१० मध्ये एथेल एल्डर्टनबरोबर त्याने दारुड्या आईबापांच्या मुलांचा अभ्यास केला आणि ती मुलं इतरांपेक्षा कमी दिसत नाहीत असा निष्कर्ष काढला. दारूबंदीवाले चवताळले, केन्ससारखे अर्थशास्त्रज्ञही तुटून पडले. हा मागे हटला नाही. आकडे सांगतील ते खरं, हा बाणा.

पण हाच माणूस १९०० साली, बोअर युद्ध चालू असताना, भाषणात सांगत होता की राष्ट्रं पुढे जातात ती वंशावंशांच्या झगड्यातून, आणि ‘हलक्या’ वंशांना बाजूला सारणं हा त्या प्रगतीचाच भाग आहे. हलके म्हणजे कोण? आपण सगळे त्यात आलो की! १९११ मध्ये गाल्टन वारला. त्याने मृत्युपत्रात सुप्रजननशास्त्राच्या, म्हणजे युजेनिक्सच्या, प्रोफेसरपदासाठी पैसे ठेवले होते. चांगल्या वंशाची पैदास वाढवायची, ‘वाईट’ रोखायची, असलं ते शास्त्र. पहिला गाल्टन प्रोफेसर पिअर्सन. त्याच वर्षी उपयोजित संख्याशास्त्राचा विभाग निघाला, जगातल्या विद्यापीठांतला पहिला. म्हणजे ज्या विषयाचा विभाग आज गावोगावच्या विद्यापीठांत असतो, त्याचा पहिला पाळणा युजेनिक्सच्या पैशावर हलला.

१९२५ ला त्याने लंडनमध्ये आलेल्या ज्यू निर्वासितांच्या मुलांवर मोठा निबंध छापला. ती मुलं, विशेषतः मुली, शरीराने-बुद्धीने कमी आहेत, सबब असल्यांना देशात घेऊ नये, असा सूर. मला वाटतं इथे त्याने उत्तर आधी लिहिलं आणि गणित मागून केलं. दारुड्यांच्या मुलांना जो न्याय लावला तो ज्यूंच्या मुलांना लावला नाही. १९३४ मध्ये त्याच्या निवृत्तीनिमित्त जेवण झालं, त्या भाषणात त्याने हिटलरच्या वंशसुधारणेच्या प्रयोगाचा कौतुकाने उल्लेख केला. हे वाचलं त्या रात्री मी हा लेख अर्धवट टाकून दिला होता. रूममेट म्हणाला, मग लिहितोस कशाला, विश्वेश्वरय्यांवर लिही. पण त्याच्याच टेबलावर काय-स्क्वेअरचा कोष्टक-तक्ता उघडा पडला होता!

त्या तक्त्यावरूनच पिअर्सनचं सगळ्यात मोठं भांडण झालं. दोन बाय दोनचं कोष्टक असेल तर पिअर्सन डिग्रीज ऑफ फ्रीडम तीन धरायचा. रोनाल्ड फिशर या तरुणाने १९२२ ला सांगितलं, बेरजा आधीच ठरलेल्या असल्याने फ्रीडम एकच. फरक छोटा नाही. पाच टक्के पातळीला तीनसाठी मर्यादा ७.८१ आणि एकसाठी ३.८४. म्हणजे तुमचं उत्तर पाच आलं तर पिअर्सन म्हणणार काही नाही, फिशर म्हणणार आहे! चूक पिअर्सनची होती, ती त्याने शेवटपर्यंत मानली नाही. गिनेसच्या दारूभट्टीतून शिकायला आलेल्या गॉसेटने लहान सॅम्पलचं गणित मांडलं, ते १९०८ ला बायोमेट्रिकात त्यानेच छापलं, पण त्याचं मोल त्याला फारसं कळलं नाही. हजार खेकडे मोजणाऱ्याला दहा रीडिंग्जचं काय कौतुक?

आपल्याकडे हा माणूस पोचला तो महालनोबिसांमुळे. केंब्रिजहून परत निघताना त्यांच्या हाती बायोमेट्रिकाचे खंड लागले, ते त्यांनी विकत घेतले आणि भौतिकशास्त्राचा प्रोफेसर संख्याशास्त्रज्ञ झाला. वंशावंशांतलं साम्य मोजायचं पिअर्सनचं एक माप होतं. महालनोबिसांना त्यात खोट दिसली आणि त्यांनी आपलं अंतर काढलं, ते महालनोबिस डिस्टन्स.

१९३३ ला पिअर्सन निवृत्त झाला आणि कॉलेजने विभाग मधोमध कापला. संख्याशास्त्र मुलाकडे, म्हणजे एगॉनकडे, आणि युजेनिक्स चक्क फिशरकडे. एकाच इमारतीत वरखाली दोन्ही. सांगतात की एगॉनची मंडळी चारला चहा पिऊन खाली उतरली की साडेचारला फिशरची मंडळी त्याच खोलीत वेगळा चहा घ्यायला येत, म्हणजे तोंडाला तोंड नको. आपले सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे फर्ग्युसनमधून शिकून नेमके त्याच दिवसांत तिथे पीएच. डी.ला होते. १९३६ ला त्यांना ती मिळाली.

त्याच वर्षी २७ एप्रिलला पिअर्सन गेला. त्याच्या आदल्या वर्षी देऊ केलेला सर हा किताब त्याने नाकारला होता. कॉलेजात पुढे पिअर्सन बिल्डिंग होती आणि गाल्टनच्या नावाचं व्याख्यानगृहही. जून २०२० मध्ये कॉलेजने दोन्ही नावं उतरवली. बिल्डिंगला आता वायव्य विंग म्हणतात. व्याख्यानगृहाला नुसता नंबर आहे, ११५.