रयतेच्या लेकरांचे अण्णा

माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करीत पुढं सरकते, तेव्हा त्या मुलखात शाळांच्या कमानीवर एक नाव पुन्हा पुन्हा दिसतं : रयत शिक्षण संस्था. शेजारी वडाच्या झाडाचं चित्र. पावसापाण्याचं शाळेच्या पडवीत अंग टेकणाऱ्या वारकऱ्यानं या वडाखाली बसावं आणि तो लावणाऱ्याचं नावही ठाऊक नसावं, हे बरं नव्हे. म्हणून शताब्दीच्या या ग्रंथात कर्मवीर भाऊराव पाटलांचं हे चरित्र.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर भागातल्या कुंभोज गावचा. घराणं शेतकरी जैन पाटलांचं, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा सरकारी महसूल खात्यात कारकून, आई गंगाबाई. वडिलांच्या बदलीबरोबर पोराची शाळाही गावोगाव फिरली. पोर अंगानं दांडगं. कुस्ती, पोहणं यांत पुढं आणि पुस्तकात मागं. त्याच वयात एका विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत हे बघून त्यानं रहाटच मोडून विहिरीत टाकला, अशी हकिगत सांगतात. अशा पोराला आपल्याकडं काय म्हणतात ते सांगायला नको. वाया गेलेलं म्हणतात.

पुढं कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात घातलं आणि जैन बोर्डिंगात ठेवलं. शाहू महाराजांच्या राज्यात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं, त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर आंघोळ करून आत ये म्हणाले, तर यांनी साफ नकार दिला. बोर्डिंग सुटलं. मग महाराजांनी त्यांना आपल्या आसऱ्याला घेतलं. पण गणित काही सुटेना! खुद्द महाराजांनी पोराला वरच्या वर्गात घाला म्हणून शब्द टाकला, तरी गणिताच्या मास्तरांनी ऐकलं नाही. हा ज्या बाकावर बसतो तो बाक वर चढवीन, पण ह्याला नाही, असं ते म्हणाले म्हणे. मॅट्रिकसुद्धा पदरी पडलं नाही. पुढं ज्यानं शेकड्यानं शाळा काढल्या तो माणूस शाळेतून असा बाहेर पडला. मला वाटतं, पोर शाळेतून का सुटतं हे त्यांना म्हणूनच दुसऱ्या कोणापेक्षा नीट कळत होतं.

पोटासाठी साताऱ्यात शिकवण्या केल्या, मास्तर पाटील म्हणून नाव झालं. मग ओगल्यांच्या काचेचा माल विकला, किर्लोस्करांचे नांगर विकले. नांगर विकायला गावोगाव, बांधाबांधानं फिरावं लागे. त्या फिरण्यात त्यांनी खेडं पाहिलं. पोर हुशार असलं तरी त्याच्या हातात गुरांचा कासरा. का, तर गावात शाळा नाही. असली तर चौथीपुढं नाही. पुढं शहरात धाडावं तर राहायचं कुठं, खायचं काय? बापाच्या डोक्यावर सावकार, आणि घरातले दोन हात कमी झाले तर पेरणी कोण करणार? त्यात जात आडवी. नुसती शाळा काढून यातलं एकही कोडं सुटत नव्हतं.

सत्यशोधक मंडळींच्या साथीनं ४ ऑक्टोबर १९१९ ला, कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ मध्ये सातारला बोर्डिंग सुरू झालं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळालं.

आता या बोर्डिंगचं काम कसं चाले ते जरा सविस्तर सांगतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे. अण्णा (पोरं त्यांना अण्णाच म्हणत) गावोगाव फिरून मुलं गोळा करीत. मराठा, महार, मांग, धनगर, मुसलमान, जैन, सगळी एका पंगतीला. पाणी भरणं, झाडलोट, भाकऱ्या थापणं पाळीपाळीनं. कोणाचं पोर कोणाच्या हातचं खातंय हे विचारायची सोय नव्हती, आणि त्या काळात त्यासाठी गावाचे बोल खावे लागत. धान्य सुगीच्या दिवसांत शेतकऱ्यांच्या दारात मागायचं. कोणी पायलीभर जोंधळा घाली, कोणी नुसता भाजीपाला. म्हणजे ज्यांची पोरं शिकत त्यांचाही हात त्या चुलीला लागे. बापाला आपण धर्मादाय घेतोय असं वाटत नसे.

आणि पोरांनाही फुकट नाही. शेतात राबायचं, रस्त्यावर खडी फोडायची, माळरान फोडून बाग करायची, त्यातून शिकायचा खर्च काढायचा. कमवा आणि शिका म्हणून जे आज सगळे सांगतात, ते इथलं. जिथं पोर, बाप, गाव आणि शाळा एकाच गाड्याला जुंपलेत, तिथं एकानं अंग काढलं की गाडा अडतो; म्हणून अण्णांचं अर्धं आयुष्य पायपिटीत गेलं. बॅरिस्टर पी. जी. पाटील याच बोर्डिंगात वाढले, पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

पण हा संसार एकट्या अण्णांनी चालवला असं कोणी म्हणेल तर ते खोटं. लक्ष्मीबाई कुंभोजच्या, सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या. नवऱ्यानं घरात सगळ्या जातींची पोरं आणून बसवली तेव्हा त्यांना जड गेलं असणारच. तरी त्याच बाईनं पुढं आजारी पोरांची उशापायथा केली, डोक्यातल्या उवा काढल्या, सणाला गोडधोड केलं. अंगावरचे दागिने एकेक करून बोर्डिंगच्या धान्यात गेले. एकदा अण्णा बाहेरगावी, कोठीत दाणा नाही, पोरं उपाशी. त्या माउलीनं गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि चूल पेटवली. आपल्या आयाबहिणींना याचा अर्थ सांगायला नको. १९३० साली त्या गेल्या. लोक त्यांना रयतमाउली म्हणतात. माउली हा शब्द आपण किती जपून वापरतो ते ठाऊकच आहे. इथं तो जागेवर आहे.

बाई गेल्या, काम वाढलं. १९३२ मध्ये पुण्याला युनियन बोर्डिंग निघालं. शिकवायला मास्तर हवेत म्हणून १९३५ ला साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज काढलं. ज्या वाड्यावस्त्यांवर सरकार पोचलं नाही तिथं व्हॉलंटरी शाळा काढल्या. देवळात, चावडीत, कोणाच्या गोठ्यात वर्ग भरत. १९४० ला महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४२ ला बायकांसाठी जिजामाता ट्रेनिंग कॉलेज, १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज. या कॉलेजचं नाव बदला, मोठी देणगी देतो असं सांगणारा एकजण भेटला होता. बापाचं नाव बदलीन पण कॉलेजचं नाही, असं उत्तर त्याला मिळालं आणि देणगी तशीच परत गेली.

गाडगेबाबांचा आणि अण्णांचा जिव्हाळा जुना. भांडी विका पण पोराला शाळेत घाला हे बाबा कीर्तनातून सांगत. आणि ती पोरं पाठवायची कुठं, तर अण्णांच्याकडं. गांधीजींच्या हत्येनंतर अण्णांनी त्यांच्या नावानं १०१ हायस्कुलं काढायचा पण केला. त्याच १९४८ साली सरकारवर केलेल्या टीकेपायी संस्थेचं अनुदान बंद झालं. हजारो पोरं आणि मास्तर एका रात्रीत उघड्यावर येण्याची पाळी. अण्णा वाकणाऱ्यातले नव्हते, आणि सरकारही हट्टाला पेटलेलं. त्या वेळी बाबा मध्ये पडले. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर बाबांना मानत. बाबांनी स्वतःसाठी कधी कोणाकडं काही मागितलं नाही, पण या लेकरांसाठी शब्द टाकला, आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. हातात खराटा असलेला माणूस मुंबईच्या सरकाराला वळवून आला! १९५४ मध्ये कऱ्हाडला कॉलेज निघालं त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं.

अण्णा रागीट होते, हे लपवायचं कारण नाही. त्यांच्या धाकात पोरं थरथरत, सहकाऱ्यांशीही खटके उडत. स्वतःच्या घराला मात्र त्यांनी काही ठेवलं नाही.

१९५९ साली भारत सरकारनं पद्मभूषण दिलं, पुणे विद्यापीठानं डी. लिट. दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला डी. लिट.! तोवर शरीर खचलं होतं. ९ मे १९५९ रोजी पुण्यात अण्णांनी देह ठेवला. तोवर संस्थेची हायस्कुलं शंभरावर गेली होती, शिवाय बोर्डिंगं, ट्रेनिंग कॉलेजं आणि वाड्यावस्त्यांवरच्या शाळा वेगळ्या. समाधी साताऱ्यात आहे. सातारकडं येणं झालं तर दिंडीकरांनी वाट वाकडी करून तिथं जावं, आणि जवळच्या वसतिगृहात सकाळच्या वेळी डोकावावं. पोरं झाडत असतात.