एक्सप्लेनर : फलंदाज, लष्करी अधिकारी आणि १९७१ च्या विजयाचे शिल्पकार, हेमू अधिकारी कोण होते?

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. त्याच १९३६-३७ च्या हंगामात १७ वर्षांच्या एका पुणेकर मुलाने प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पाऊल ठेवले. हेमचंद्र रामचंद्र अधिकारी हे त्याचे नाव. क्रिकेटविश्व त्यांना हेमू अधिकारी म्हणून ओळखते.

खेळाडू म्हणून कामगिरी काय?
जन्म ३१ जुलै १९१९. आधी गुजरात, मग बडोदा आणि पुढे सेनादलाकडून ते खेळले. लष्कराच्या नोकरीमुळे कसोटीच्या संधी कमी मिळाल्या. १९४७ ते १९५९ या काळात २१ कसोटी, ८७२ धावा आणि एक शतक, एवढाच हिशेब जमला.

मात्र अडचणीच्या वेळी ते उभे राहत. १९५२ मध्ये दिल्लीत भारत-पाकिस्तान पहिल्याच कसोटीत गुलाम अहमद यांच्यासह त्यांनी शेवटच्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या. हा भारतीय विक्रम २००४ पर्यंत टिकला.

कर्णधारपद कसे मिळाले?
१९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध भारताने एकाच मालिकेत चार कर्णधार बदलले. चौथे अधिकारी. वय ३९. दिल्लीत त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या, ३ बळी घेतले आणि सामना अनिर्णित राखला. तीच त्यांची अखेरची कसोटी ठरली.

१९७१ मध्ये नेमके काय केले?
इंग्लंड दौऱ्यावर लेफ्टनंट कर्नल अधिकारी संघाचे व्यवस्थापक होते. प्रशिक्षकाचे कामही त्यांच्याकडेच आले. क्षेत्ररक्षण ही भारताची जुनी दुखरी नस. त्यांनी लष्करी शिस्तीत तंदुरुस्ती आणि झेलांचा सराव करून घेतला.

याला कारण होते. भारताचा मारा फिरकीवर उभा होता. फिरकीवर बॅटची कड लागून उडालेला चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकाने टिपला नाही, तर गोलंदाजाची मेहनत वाया जाते. त्या काळी हेल्मेटही नव्हते. तरीही एकनाथ सोलकर फलंदाजाच्या अगदी पुढ्यात उभे राहत.

ओव्हलवर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंड १०१ धावांत गारद झाला. २४ ऑगस्टला अजित वाडेकर यांच्या संघाने ४ गडी राखून कसोटी आणि मालिका जिंकली. इंग्लंडमधील भारताचा हा पहिलाच कसोटी विजय होता.

पुढे काय झाले?
१९७४ मध्ये अधिकारी पुन्हा व्यवस्थापक होते. या वेळी लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत बाद झाला, मालिका ०-३ अशी गेली. तरीही त्यांनी प्रशिक्षण सोडले नाही. कपिल देव, रवी शास्त्री यांच्यासारखे खेळाडू पुढे त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडले. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज महत्त्व काय?
महागडी बॅट किंवा टर्फ विकेट गावोगावी मिळत नाही. झेलाच्या सरावाला मात्र एक चेंडू, मोकळे मैदान आणि रोजची शिस्त पुरते. फैजपूर-यावलच्या मैदानांवरही ते शक्य आहे.