धुऊन न जाणारं दुःख

आमच्या महिला मंडळात एक वहिनी येत असत. भिशीच्या दिवशी चहा झाला की कपबशा त्याच विसळायच्या. एकदा नाही, तीन-तीनदा. शेवटी नळाची तोटीसुद्धा धुवायच्या आणि मगच ती बंद करायच्या. आम्ही बायका एकमेकींना कोपरखळ्या मारायचो, त्यांच्या माघारी त्यांना ‘सोवळेकाकू’ म्हणायचो. मीही त्यात होते, खोटं कशाला सांगू?

पुढे कधीतरी त्यांच्या शेजारणीकडून कळलं, की त्यांची धाकटी मुलगी चार दिवसांच्या तापानं गेली होती. आमच्या गावात राहायला यायच्या आधीची गोष्ट. वहिनी कधीच त्याबद्दल बोलल्या नव्हत्या आणि आम्हीही कधी काही विचारलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागेना. आणि आठवल्या त्या लक्ष्मीबाई टिळक.

बी.ए.ला मराठी घेतलं होतं तेव्हा मी ‘स्मृतिचित्रे’ वाचलं. त्यातलं लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं वाचून आम्ही मैत्रिणी पोट धरधरून हसलो होतो. या वेळी पुस्तक पुन्हा काढलं आणि हसू काही आलं नाही.

मैत्रिणींनो, लक्ष्मीबाई म्हणजे लोकमान्यांच्या घरातल्या नव्हेत. फुलामुलांचे कवी म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या त्या पत्नी. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांकडे. त्यांच्या जन्माच्या अकरा वर्षं आधी, १८५७ च्या धामधुमीत, त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिलं. जावई म्हणजे लक्ष्मीबाईंचे वडील, नाना गोखले. या धक्क्यानंतर नानांना सोवळ्यानं जे पछाडलं ते कायमचं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, याला शिवायचं नाही, त्याची सावली नको. सगळं घर त्यांच्या सोवळ्याच्या तालावर नाचायचं. बायको, मुलं, सगळी पाण्यात.

तेव्हा लोकांना वाटलं असेल, काय कडक धार्मिक माणूस! आज आपण याला मंत्रचळ म्हणू, आणि डॉक्टर त्यावर औषधही देतील. पण त्या काळी कोण ओळखणार? आणि मला राहून राहून वाटतं ते त्या आईबद्दल. फासावर गेले ते तिचे जन्मदाते वडील. पण घर सांभाळायचं ते नवऱ्याच्या भीतीला. तिच्या दुःखाची घडी कोणी उलगडून पाहिली असेल का?

अशा घरात लक्ष्मीबाई वाढल्या. अकरा-बारा वर्षांच्या असताना, १८८० मध्ये त्यांचं लग्न झालं. सासरे तापट. नवरा बुद्धिमान, प्रेमळ, पण विलक्षण लहरी! मनात येईल तेव्हा घर सोडून निघायचे, कुठे गेले याचा पत्ता नाही. हातात आलेला पैसा वाटून मोकळे. पहिली मुलं हाती लागली नाहीत, तेही दुःख होतंच. टिळकांनी त्यांना अक्षरओळख करून दिली, पण संसाराच्या धबडग्यात शिक्षण असं धड झालंच नाही. शुद्धलेखनाच्या चुका त्यांच्या शेवटपर्यंत होत राहिल्या.

आणि मग आला १८९५ चा फेब्रुवारी. टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या, मुलगा दत्तू जेमतेम तीन-चार वर्षांचा. आज आपल्याला त्या धक्क्याची कल्पना यायची नाही. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जायचं तर जात सोडावी लागणार. न जावं तर ना सधवा, ना विधवा. लोकांच्या जिभेला हाड नाही, आणि मुलगा कुणाकडे राहणार ही धास्ती वेगळीच. त्या पार खचल्या, आजारी पडल्या.

इथंच बघा, बाप आणि लेक वेगळ्या वाटेला लागतात. धक्का दोघांनाही बसला, तोही न भरून येणारा. नानांचा धक्का आत राहिला आणि पाण्याच्या रूपानं घरभर सांडत राहिला. लेकीनं मात्र तो बाहेर काढला. थोरली बहीण भिकुताई जवळ होती. तिच्यापाशी रडता यायचं, चिडता यायचं. आणि ज्या बाईला धड लिहिता येत नव्हतं, तिनं या दिवसांत कागद ओढून कविता लिहिल्या! कुणी छापावं म्हणून नव्हे, तर आतला कोंडमारा सोसवेना म्हणून. टिळकांची पत्रं येत राहिली, राग-लोभ चालू राहिला. पण बोलणं तुटलं नाही.

काही वर्षांनी त्या अहमदनगरला टिळकांकडे गेल्या. गेल्या म्हणजे लगेच सगळं मान्य केलं असं नाही हं. सुरुवातीला आपला स्वयंपाक वेगळा, आपलं सोवळं वेगळं. ज्या सोवळ्यानं माहेर पिळून निघालं होतं, ते त्यांच्याही अंगात मुरलेलं होतंच. पण त्या स्वतःशी विचार करत राहिल्या. ही शिवाशीव देवानं केली की माणसानं? उत्तर सापडलं तसं एकेक बंधन गळालं. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचारानं धर्मांतर केलं. त्यांचा निर्णय तुम्हाआम्हाला पटो न पटो, पण तो त्यांनी कुणाच्या दडपणाखाली घेतला नाही, स्वतःच्या वेळेनं घेतला. वडिलांना आयुष्यभर न सुटलेली गाठ लेकीनं अशी हळूहळू सोडवली.

पुढचं आयुष्य काही सुखाच्या पायघड्यांचं नव्हतं. गरिबी होती, नवऱ्याशी खटके होते. पण घरात कितीतरी पोरकी मुलं वाढली, प्लेगच्या दिवसांत त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. १९१९ मध्ये टिळक गेले. पन्नाशीची विधवा बाई, हाताशी पदवी नाही, तरी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात नोकरीला उभी राहिली. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुरं केलं. मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायला बसला, म्हणून त्यानं आईला आठवणी लिहायला सांगितल्या, आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ जन्माला आलं. १९३४ पासून त्याचे भाग येऊ लागले. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या.

गंमत अशी की रडावं अशा प्रसंगांवर हे पुस्तक हसतं. पण ते हसणं दुःख झाकायचं नाही. आधी रडून झालेलं आहे, मगच हसू आलेलं आहे. आपण बायका बहुतेकदा उलटं करतो. रडायच्या आधीच हसून दाखवतो. ‘काही नाही गं, बरं आहे’ हे आपलं पाठ वाक्य!

मला लक्ष्मीबाईंकडून एवढंच घ्यावंसं वाटतं. धक्का बसला तर तो कुठेतरी मांडा. बहिणीपाशी, मैत्रिणीपाशी, नाहीतर दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर चार ओळी. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल, लक्ष्मीबाईंचंही चुकायचं.

पण नानांचीही आठवण ठेवा. काही दुखणी नुसत्या बोलण्यानं जात नाहीत. धुणं, तपासणं, तीच भीती पुन्हा पुन्हा येणं थांबत नसेल, झोप-जेवण तुटलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरच हवा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर असतात. २०२२ पासून ‘टेली मानस’ ही सरकारी सेवाही आहे. १४४१६ या नंबरवर कधीही, पैसे न पडता, मराठीत बोलता येतं.

आमच्या वहिनींकडे मी एका दुपारी गेले आणि त्यांच्या मुलीचं नाव विचारलं. त्या दीड तास बोलल्या. कुठल्या तरी घाणीनंच पोर गेली, आपणच नीट धुतलं नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. साबणानं हात फुटून रक्त यायचं, तेही तेव्हा दिसलं. नंतर त्यांच्या यजमानांना घेऊन आम्ही जिल्ह्याच्या रुग्णालयात गेलो. गोळ्या सुरू झाल्या, समुपदेशन झालं. वर्ष लागलं.

परवाच्या भिशीला त्यांनी कपबशा दोनदा विसळल्या. कुणीही हसलं नाही. मी शेजारी उभी राहून पुसत होते आणि त्या मला सांगत होत्या, त्यांच्या लेकीला चहाबरोबर बटर किती आवडायचं ते.