अल्झायमर हे आधी एका डॉक्टरचं आडनाव होतं

नोव्हेंबर १९०१. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या ऑगुस्टे डेटर यांना दाखल करण्यात आलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तर त्यांनी स्वतःचंच सांगितलं. ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं, त्या म्हणाल्या पालक खातेय. डॉक्टर सगळं टिपून घेत होते. त्यांचं नाव आलोइस अल्झायमर.

१८६४ साली बव्हेरियात जन्मलेला हा माणूस दिवसा रुग्णांशी बोलायचा आणि उरलेला वेळ सूक्ष्मदर्शकाला द्यायचा. त्याच वर्षी त्याची पत्नी गेली होती, पदरी तीन मुलं होती.

पुढे तो म्युनिकला गेला, पण ऑगुस्टेंना विसरला नाही. १९०६ मध्ये त्या वारल्यावर त्यांचा मेंदू मागवून घेतला. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांत पेशींमध्ये काळे गुंते दिसले, बाहेर चिकट साठे. चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींत चरबी साठल्याचंही त्याने नोंदवलं. नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगनच्या परिषदेत त्याने हे मांडलं. कुणी एक प्रश्नही विचारला नाही!

१९१० मध्ये त्याचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी पाठ्यपुस्तकात या आजाराला त्याचं नाव दिलं. १९१५ मध्ये अल्झायमर गेला, तोही ५१ व्या वर्षी.

त्याला फक्त पेशींचा आकार दिसत होता. आज पेशीत काय शिजतंय तेही कळतं. जनुकं जवळपास सगळ्या पेशींत तीच असतात. भांडी तीच, पण रोज चुलीवर काय चढतं ते वेगळं. कोणतं जनुक किती काम करतंय, हे त्याच्या आरएनए प्रती मोजून समजतं. यालाच जनुक अभिव्यक्ती म्हणतात. मृत्यूनंतर दान केलेले रुग्णांचे आणि निरोगी माणसांचे मेंदू असे ताडून पाहिले, की औषधाने कुठे नेम धरायचा याचा अंदाज येतो.

गोम इथेच आहे. बदललेलं जनुक आजाराचं कारण, की आजाराने झालेली पडझड? म्हणून आनुवंशिक पुरावाही जोडून पाहतात. ट्रेम-२ या जनुकाच्या बाबतीत दोन्ही जुळलं: २०१२-१३ मध्ये त्यातल्या एका दोषाने धोका वाढतो असं दिसलं, आणि मेंदूत ते मुख्यतः मायक्रोग्लियात, म्हणजे ग्लियाच्याच एका प्रकारात, काम करतं. तरी त्याला चालना देणारं एक औषध २०२४ मध्ये चाचणीत अपयशी ठरलं. शोध थांबलेला नाही.

ऑगुस्टेंच्या काचपट्ट्या १९९० च्या दशकात म्युनिकमध्ये सापडल्या. २०१३ मध्ये एका गटाने त्यांतून आनुवंशिक दोष सापडल्याचं सांगितलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाला तो मिळाला नाही.