डेब्स, शिकागोचे प्रदर्शन आणि युनियनचे एक कलम

मोठमोठ्या व्यापारी प्रदर्शनांचे आयोजक आणि कामगार संघटना यांचे भांडण हा अमेरिकेतील जुना विषय आहे. शिकागोचे मॅकॉर्मिक प्लेस हे प्रदर्शन केंद्र त्यासाठी विशेष गाजले. गाळा उभारायचा तो सुतारांच्या युनियनने, वीज जोडायची ती वायरमनच्या युनियनने, माल उतरवायचा तो ट्रकवाल्यांच्या युनियनने, असे तेथील करार होते. गाळेधारकाने स्वतः काय करावे यावर मर्यादा होती. खर्च फार होतो म्हणून आयोजक ओरडू लागले. 2009 च्या अखेरीस प्लास्टिक उद्योगाच्या मोठ्या प्रदर्शनाने शिकागो सोडून ऑर्लँडोला जाण्याचे ठरविले. मग 2010 मध्ये इलिनॉय राज्याने कायदा करून हे नियम सैल केले. 2011 मध्ये संघीय न्यायाधीशाने तो हस्तक्षेप बेकायदा ठरविला आणि अखेर त्याच वर्षी संघटनांशी तडजोड झाली. भांडवलदारांची वृत्तपत्रे ही कथा कामगारांच्या हावरटपणाची कथा म्हणून सांगतात. आपल्याकडचे अर्थतज्ज्ञही तिचा दाखला देऊन युनियन म्हणजे उद्योगाच्या गळ्यातील लोढणे असे सांगत असतात.

आम्हाला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. कोणते काम कोणत्या युनियनचे हे ठरले, पण त्या युनियनचे कार्ड कोणाला मिळत होते? 1969 साली याच शिकागोत कृष्णवर्णीयांनी बांधकामे बंद पाडली होती, कारण गोऱ्यांच्या ताब्यातील बांधकाम युनियन त्यांना कुशल कामात शिरू देत नव्हत्या. ही गोष्ट अर्थतज्ज्ञ सांगत नाहीत आणि आपले डावे मित्रही तिच्यावर फार बोलत नाहीत. तिचे मूळ पाहायचे तर सव्वाशेहून अधिक वर्षे मागे, शिकागोच्याच एका प्रदर्शनापर्यंत आणि युजीन डेब्स नावाच्या माणसापर्यंत जावे लागते.

युजीन व्हिक्टर डेब्स यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1855 रोजी इंडियाना राज्यातील टेर होट या गावी झाला. आईवडील फ्रान्सच्या अल्सास प्रांतातून आलेले, किराणा दुकान चालविणारे. वडिलांना वाचनाचे वेड. युजीन स्यू आणि व्हिक्टर ह्यूगो या दोन फ्रेंच लेखकांची नावे त्यांनी मुलाला दिली. चौदाव्या वर्षी शाळा सोडून पोरगा रेल्वेच्या कारखान्यात रंग खरवडण्याच्या कामाला लागला आणि पुढे इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन झाला. ते काम त्यांनी 1874 मध्ये सोडले, पण कामगारांना सोडले नाही. 1875 मध्ये ते फायरमन लोकांच्या ब्रदरहुडमध्ये आले. 1880 पासून तिच्या मासिकाचे संपादन आणि तिचा कारभार त्यांच्याकडे आला. गावचे सिटी क्लार्क झाले, राज्याच्या विधिमंडळावरही निवडून गेले.

ब्रदरहुड म्हणजे बंधुसंघ. नाव किती गोड! पण इंजिन ड्रायव्हरांचा बंधुसंघ वेगळा, फायरमनचा वेगळा, गार्डांचा वेगळा, आणि कृष्णवर्णीय माणूस यांपैकी कोणाचाच बंधू नव्हे. आपल्या वाचकांना ही रचना ओळखीची वाटेल. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हटले, तसाच हा प्रकार. तरुण डेब्सना त्याचे वावडे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. मासिकाचे संपादक असताना कित्येक वर्षे त्यांनी गोऱ्यांपुरत्या सभासदत्वाविरुद्ध लढा उभारला नाही. त्यांना जाग आणली ती 1888 च्या बर्लिंग्टन रेल्वेच्या संपाने. एका बंधुसंघाने संप करावा आणि दुसऱ्याने गाड्या चालवाव्यात, असा तमाशा झाला आणि संप बुडाला. तेव्हापासून साऱ्या रेल्वे कामगारांची एकच संघटना पाहिजे हा ध्यास त्यांनी घेतला. जून 1893 मध्ये शिकागोत अमेरिकन रेल्वे युनियन स्थापन झाली. खलाशी, सांधेवाले, कारकून, कारखान्यातील कामगार सगळे तीत आले.

त्याच वेळी शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले होते. कोलंबस अमेरिकेत पोहोचल्याला चारशे वर्षे झाली म्हणून 1 मे ते 30 ऑक्टोबर 1893 पर्यंत ते चालले. पांढऱ्या इमारतींमुळे त्याला श्वेतनगरी म्हणत. पावणेतीन कोटींच्या आसपास लोकांनी ते पाहिले. त्यालाच जोडून भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच व्यासपीठावरून अनागारिक धर्मपाल यांनी बुद्धाचा धम्म मांडला, हे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांना कधी सांगावेसे वाटले नाही. असो.

प्रदर्शन उभे राहिले ते हजारो मजुरांच्या घामावर. उद्घाटनाला जेमतेम तीन आठवडे उरले असताना, एप्रिल 1893 मध्ये, सुतार आणि इतर कारागिरांच्या युनियननी काम थांबविले. कामे अर्धवट, पाहुणे वाटेवर. व्यवस्थापनाला किमान मजुरी, जादा तासांना दीडपट आणि रविवारी दुप्पट पगार मान्य करावा लागला. मॅकॉर्मिक प्लेसच्या भांडणाची ही पणजी म्हणा ना! प्रदर्शनाची तारीख पुढे ढकलता येत नाही, ही मजुराच्या हातातील खरी ताकद. ती त्याने वापरली यात गैर काय?

पण या ताकदीत वाटा कोणाचा होता? त्या श्वेतनगरीत कृष्णवर्णीयांना झाडलोट, हमाली अशी कामे मिळाली. पहारेकऱ्यांच्या दलात अर्ज केला तर नकार. देशाच्या प्रगतीचे दालन उभारताना गुलामगिरीतून सुटलेल्या लाखो लोकांची प्रगती वगळली गेली. फ्रेडरिक डग्लस यांच्यासारखा थोर पुरुष तेथे बसला तो स्वतःच्या देशाच्या दालनात नव्हे, तर हैती या कृष्णवर्णीयांच्या प्रजासत्ताकाच्या दालनात. आयडा वेल्स या निर्भीड पत्रकार बाईंनी डग्लस आणि इतर सहकाऱ्यांसह या बहिष्काराची कारणे सांगणारी पुस्तिका काढली आणि प्रदर्शनातच वाटली.

त्या प्रदर्शनातील वाहतूक दालनात जॉर्ज पुलमन यांच्या कंपनीने आपली आलिशान रेल्वेगाडी आणि आपल्या आदर्श नगराची प्रतिकृती मांडली होती. शिकागोच्या दक्षिणेला पुलमनने कामगारांसाठी अख्खे गाव वसविले होते. घर कंपनीचे, बाजार कंपनीचा, चर्चची इमारतसुद्धा कंपनीची. परदेशी पाहुणे ते पाहून तोंडात बोट घालीत. प्रतिकृतीत भाड्याची पावती दिसत नव्हती एवढेच. 1893 ची मंदी आली, प्रदर्शनासाठीची गर्दी ओसरली, डब्यांची मागणी घटली. पुलमनने कामगार काढले, उरलेल्यांची मजुरी सरासरी पाव हिश्शाने कापली. घरभाडे मात्र एक सेंटने कमी केले नाही, आणि भागधारकांचा लाभांशही कमी केला नाही. भाडे वळते करून काहींच्या हातात आठवड्याला काही सेंट पडू लागले. 11 मे 1894 रोजी पुलमनचे कामगार संपावर गेले.

डेब्स यांची युनियन तेव्हा जोमात होती. एप्रिल 1894 मध्येच ग्रेट नॉर्दर्न रेल्वेला तिने अठरा दिवसांत नमविले होते. जूनमध्ये शिकागोत तिचे अधिवेशन भरले आणि पुलमनचे डबे जोडलेली गाडी कोणीही हलवायची नाही, असा बहिष्काराचा ठराव झाला. आयडा वेल्सच्या पुस्तिकेइतकाच इतिहासाने लक्षात ठेवावा असा दुसराही ठराव त्या अधिवेशनापुढे होता. युनियनच्या घटनेत सभासदत्वासाठी गोऱ्या आईबापांच्या पोटी जन्म ही अट होती. ती काढून टाका, असे डेब्स यांनी प्रतिनिधींना विनविले. थोड्याशा मतांच्या फरकाने ते हरले. अट कायम राहिली.

आता पुलमनच्या गाडीत कोण राबत होते ते पाहा. शयनयानातील पोर्टर सगळे कृष्णवर्णीय. गुलामगिरी संपल्यावर पुलमनने मुद्दाम या लोकांना कामावर घेतले होते, कारण ते मुकाट्याने सेवा करतील असा त्याचा हिशेब. प्रवाशांची अंथरुणे घालायची, बूट पुसायचे, बक्षिसीवर घर चालवायचे. प्रवासी त्यांना नावाने हाक मारीत नसत, मालकाच्या नावावरून प्रत्येकाला जॉर्ज म्हणत. ज्या डब्यांवर बहिष्कार टाकायचा, त्याच डब्यांच्या आत हजारो माणसे होती आणि युनियनने आपले दार त्यांच्या तोंडावर लावून घेतले होते! ही माणसे उठली असती तर पुलमनचा डबा आतून थांबला असता. त्याऐवजी संपकऱ्यांच्या जागी कामाला येणाऱ्यांत काही ठिकाणी कृष्णवर्णीय होते, आणि मग त्यांनाच फितूर म्हणून शिव्या. ज्याला आत घेतले नाही तो फितूर कसा होतो, हे समजावून सांगणारा कामगार पुढारी आम्हाला अजून भेटायचा आहे.

26 जूनला बहिष्कार सुरू झाला आणि बघता बघता 27 राज्यांत गाड्या अडल्या. रेल्वे मालकांची एकजूट मात्र पक्की होती. शिकागोत येणाऱ्या 24 रेल्वे कंपन्या एका संघटनेत होत्या. टपालाच्या गाड्या अडतात, असे कारण काढून सरकारने न्यायालयाचा मनाई हुकूम मिळविला. राज्यपाल आल्टगेल्ड यांचा विरोध डावलून राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी शिकागोत लष्कर उतरविले. 5 जुलैला ओस पडलेल्या श्वेतनगरीला आग लागली आणि तिच्या मुख्य इमारती राख झाल्या. गोळीबारात माणसे मेली, डेब्स यांना अटक झाली, संप मोडला, युनियनही संपली. मनाई हुकूम मोडला म्हणून डेब्स यांना सहा महिने वुडस्टॉकच्या तुरुंगात ठेवले आणि 1895 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पुलमन 1897 मध्ये मेला. कामगार थडगे उकरतील या धास्तीने त्याची शवपेटी काँक्रीट आणि पोलाद घालून पुरावी लागली.

तुरुंगात डेब्स यांनी समाजवाद वाचला आणि पुढे तो देशभर सांगितला. 1900 ते 1920 या काळात पाच वेळा ते राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. 1912 मध्ये त्यांना सुमारे नऊ लाख मते पडली. पुढच्याच वर्षी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेव्हाच्या अमेरिकेत डेब्स हे घराघरांत ठाऊक असलेले नाव होते. दक्षिणेत गोऱ्या-काळ्यांना वेगळे बसवून होणाऱ्या सभेत बोलायला ते नकार देत. हा त्यांचा मोठेपणा निर्विवाद आहे. परंतु 1903 मध्ये त्यांनी असेही लिहिले की, कृष्णवर्णीयांसाठी समाजवादी पक्षाकडे वेगळे असे काही नाही, कामगारांचा प्रश्न सुटला की वर्णाचा प्रश्न सुटेल. भल्या माणसाच्या हातूनही अशी चूक होते. वर्गाचे भिंग डोळ्यांवर चढले की वर्ण आणि जात दिसेनाशी होते, याचा अनुभव आपल्याला मुंबईत पुरेपूर आला आहे.

पहिल्या महायुद्धाला विरोध करणारे भाषण केले म्हणून 1918 मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. अटलांटाच्या तुरुंगातून, कैदी क्रमांक 9653 म्हणून, त्यांनी 1920 ची निवडणूक लढविली आणि पुन्हा नऊ लाखांवर मते घेतली. 1921 च्या नाताळात त्यांची सुटका झाली तेव्हा आतले कैदी त्यांच्यासाठी जयघोष करीत होते. प्रकृती पार ढासळली होती. तरीही 1923 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, कृष्णवर्णीय श्रोत्यांसमोर, ते 1894 च्या संपाबद्दल बोलले. कृष्णवर्णीयांना युनियनमध्ये घेतले असते तर त्या संपाचा निकाल वेगळा लागला असता, हे त्यांनी उघडपणे सांगितले. 20 ऑक्टोबर 1926 रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच्या दोनच वर्षांनी, 1928 मध्ये, मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा संप झाला. गिरण्यांच्या विणाई खात्यात पगार जास्त, पण तेथे अस्पृश्याला मज्जाव. धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होईल म्हणून सवर्ण कामगार त्याला शेजारी उभा करीत नसत. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांच्या मागण्यांच्या यादीत हा मज्जाव नव्हता. बाबासाहेबांनी तो पुढे रेटला तेव्हा त्यांनी नाखुशीने मान्य केला.

इकडे हार्लेममध्ये 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली पुलमनच्या पोर्टरांनी स्वतःची युनियन काढली होती. रँडॉल्फ हे डेब्स यांच्याच समाजवादी पक्षातून आलेले. बारा वर्षे झुंजून 25 ऑगस्ट 1937 रोजी त्यांनी पुलमन कंपनीला करारावर सही करायला लावली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी, मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अमेरिकेत पोर्टर व्हायचे तर काळाच माणूस लागे. इथे उलटे होते. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत, म्हणून अस्पृश्याला पोर्टर करीत नसत. त्याने जन्मभर गँगमन म्हणून रुळावरच राहायचे. बाबासाहेबांनी मनमाडला हेच उदाहरण कामगारांपुढे ठेवले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले, आणि तिथे जमलेल्या गँगमननी ते ऐकले.