एडमंड क्रिस्पिन

एडमंड क्रिस्पिन (मूळ नाव: रॉबर्ट ब्रूस माँटगोमेरी, २ ऑक्टोबर, १९२१ – १५ सप्टेंबर, १९७८) हे इंग्लिश रहस्यकथाकार व संगीतकार होते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील इंग्रजी साहित्याचा प्राध्यापक आणि हौशी गुप्तहेर जर्व्हिस फेन हे त्यांनी निर्माण केलेले पात्र होय. १९४४ ते १९५१ या काळात त्यांच्या आठ कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. नववी कादंबरी मात्र त्यानंतर २६ वर्षांनी आली.

पूर्वायुष्य

क्रिस्पिन यांचा जन्म बकिंगहॅमशायर परगण्यातील चेशम बॉइझ या गावी झाला. पायात जन्मजात व्यंग असल्यामुळे दुसऱ्या महायुद्धात त्यांना लष्करी सेवेत जावे लागले नाही. ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स महाविद्यालयातून त्यांनी १९४३मध्ये आधुनिक भाषांची पदवी घेतली. तेथे ते ऑर्गनवादक होते व वृंदगायकांचे मार्गदर्शनही करीत. पुढे कवी म्हणून नावाजलेले फिलिप लार्किन आणि कादंबरीकार किंग्जली एमिस हे याच महाविद्यालयातील त्यांचे मित्र. पदवीनंतर त्यांनी श्रूजबरी येथील शाळेत दोन वर्षे अध्यापन केले. संगीतरचना मूळ नावाने आणि रहस्यकथा टोपणनावाने, अशी विभागणी त्यांनी आरंभापासून पाळली.

लेखनावरील प्रभाव

विद्यार्थिदशेत एका मित्राच्या आग्रहामुळे क्रिस्पिन यांनी जॉन डिक्सन कार यांची 'द क्रुकेड हिंज' ही कादंबरी वाचली आणि ते रहस्यकथेकडे वळले. अशक्य वाटणारा गुन्हा रचून त्याची तर्कशुद्ध उकल करण्याची हातोटी त्यांनी कार यांच्याकडून घेतली. कार यांचा गुप्तहेर डॉ. फेल 'द हॉलो मॅन' या कादंबरीत आपण एका रहस्यकथेतील पात्र आहोत हे उघडपणे मान्य करतो. क्रिस्पिन यांनी हीच क्लृप्ती पुढे नेऊन तिला विनोदाचे मुख्य साधन बनवले.

दुसरा ठळक प्रभाव मायकेल इन्स यांचा. विद्यापीठीय वातावरण आणि साहित्यिक संदर्भांची रेलचेल ही इन्स यांची वैशिष्ट्ये क्रिस्पिन यांच्या लेखनातही दिसतात. त्यांचे टोपणनावदेखील इन्स यांच्या 'हॅम्लेट, रिव्हेंज!' या कादंबरीतील जर्व्हिस क्रिस्पिन या पात्रावरून घेतलेले आहे. त्या नावाचा पूर्वार्ध नायकाकडे गेला आणि उत्तरार्ध लेखकाने स्वतःकडे ठेवला. पी. जी. वुडहाउस व ईव्हलिन वॉ यांच्या प्रहसनाची छाप त्यांच्या संवादांवर जाणवते. एम. आर. जेम्स यांच्या भयकथांचे त्यांचे प्रेम कमी परिचित आहे. पहिल्याच कादंबरीत एक पात्र जेम्स यांच्या धाटणीची भुताची गोष्ट सांगते.

कादंबऱ्या

पहिली कादंबरी 'द केस ऑफ द गिल्डेड फ्लाय' (१९४४) त्यांनी विद्यार्थी असतानाच लिहिली. तिच्यातील खुनाची उकल ओढूनताणून जुळवल्यासारखी वाटते, पण फेनची आत्मप्रौढी, उतावळेपणा आणि कंटाळवाण्या माणसांविषयीची त्याची चीड हे सर्व तेथेच सिद्ध झालेले आढळते.

'द मूव्हिंग टॉयशॉप' (१९४६) ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी असून तिचे शीर्षक अलेक्झांडर पोप यांच्या काव्यातून घेतले आहे. रिचर्ड कॅडोगन हा कवी रात्री ऑक्सफर्डमध्ये येतो. तेथील एका खेळण्यांच्या दुकानात त्याला वृद्ध स्त्रीचे प्रेत दिसते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी किराणा मालाचे दुकान असते. या चमत्काराचा उलगडा होईपर्यंत वाचकाला धावपळ, पाठलाग आणि वाङ्मयीन खेळ यांची मेजवानी मिळते. वाचवत नाहीत अशा थोर पुस्तकांची नावे सांगण्याची पैज पात्रे ऐन संकटात लावतात. रस्त्याला दोन फाटे फुटतात तेव्हा डावीकडे वळण्याचे कारण म्हणून प्रकाशक गोलान्झ यांचे नाव पुढे केले जाते. ही प्रकाशनसंस्था डाव्या विचारांसाठी ओळखली जात असे आणि क्रिस्पिन यांची पुस्तके तीच काढीत असे. कादंबरी लार्किन यांना अर्पण केलेली असून त्यांच्या नावाचा एक विद्यार्थीही तिच्यात उल्लेखिला आहे. पुढच्याच वर्षी लार्किन यांनी 'अ गर्ल इन विंटर' ही आपली कादंबरी माँटगोमेरी यांना अर्पण केली.

या कादंबरीचा शेवट जत्रेतील बेफाम फिरणाऱ्या चक्रीपाळण्यावर घडतो. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' (१९५१) या चित्रपटातील गाजलेले अखेरचे दृश्य यावरूनच घेतले आहे. पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या मूळ कादंबरीत ते नाही. श्रेयनामावलीत क्रिस्पिन यांचा उल्लेख मात्र झाला नाही.

'स्वान साँग' (१९४७) या कादंबरीची पार्श्वभूमी वाग्नर यांच्या ऑपेराच्या तालमींची आहे, तर 'लव्ह लाइज ब्लीडिंग' (१९४८) एका शाळेत घडते आणि शेक्सपियर यांच्या हरवलेल्या नाटकाभोवती फिरते. 'बरीड फॉर प्लेझर' (१९४८) मध्ये फेन संसदेच्या निवडणुकीला उभा राहतो आणि प्रचाराला विटून भर सभेत मतदारांचीच हजेरी घेतो. 'द लाँग डिव्होर्स' (१९५१) ही निनावी पत्रांनी पोखरलेल्या गावाची कथा आहे. तिचा सूर तुलनेने गंभीर असून हा लेखक केवळ गमत्या नव्हता हे तिच्यावरून कळते.

संगीत आणि दीर्घ मौन

१९५०च्या दशकात चित्रपटसंगीताने त्यांचा बहुतेक वेळ व्यापला. कादंबऱ्यांपेक्षा त्यात अर्थप्राप्ती अधिक होती. 'ॲन ऑक्सफर्ड रेक्विएम' (१९५१) ही त्यांची महत्त्वाची गंभीर रचना. लोकांच्या कानांवर पडले ते 'डॉक्टर इन द हाउस' आणि 'कॅरी ऑन' मालिकेतील पहिल्या सहा विनोदी चित्रपटांचे संगीत. यांपैकी सहाव्या चित्रपटाच्या संगीतात डग्लस गॅम्ली त्यांचे सहकारी होते. मद्यपान वाढत गेले, काम मुदतीत होईनासे झाले आणि १९६०च्या दशकात चित्रपटांची कामे थांबली. संगीताची कामे सुटली तरी कादंबरीलेखन परतले नाही. डेव्हन परगण्यात राहून ते इतरांच्या लेखनाची पारख करीत राहिले. 'बेस्ट एसएफ' या विज्ञानकथासंग्रहांचे संपादन त्यांनी १९५५पासून केले, तर १९६७पासून 'द संडे टाइम्स'मध्ये रहस्यकथांची परीक्षणे लिहिली.

डेव्हनच्या ग्रामीण परिसरात घडणारी 'द ग्लिम्प्सेस ऑफ द मून' ही अखेरची कादंबरी १९७७मध्ये निघाली. तिच्यात प्रहसन पूर्वीपेक्षा अधिक मोकाट आहे आणि रहस्य मागे पडले आहे. पुढच्याच वर्षी, वयाच्या ५६व्या वर्षी क्रिस्पिन यांचे निधन झाले. 'फेन कंट्री' हा त्यांचा दुसरा कथासंग्रह १९७९मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला.